मोठ्या संख्येचे गुणधर्म कसे शोधावेत? ५४,५१,४०,१३४ हाताशी घेऊन केलेला संपूर्ण प्रवास

नऊ-दहा अंकी संख्या समोर ठेवून कोणी म्हणाले, ‘हिच्याबद्दल काय सांगता येईल?’ तर नवख्या माणसाची पहिली अडचण गणिताची नसते. सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही. शाळेत विभाज्यतेच्या कसोट्या शिकवतात, मूळ अवयव शिकवतात, वर्गसंख्या शिकवतात, पण एकाच संख्येवर हे सगळे कोणत्या क्रमाने लावायचे ते सहसा कोणी दाखवत नाही. या वाटेने गेल्यावर माझे ठाम मत झाले आहे की संख्येचे मूळ अवयव हाती आले, की तिचे बहुतेक गुणधर्म आपोआप मोकळे होतात. म्हणून खालच्या क्रमात अर्धी मेहनत अवयवांवर आहे.

उदाहरणासाठी मी ५४,५१,४०,१३४ ही संख्या घेतली आहे. दिसायला ती कुठूनही उचलल्यासारखी वाटते. ती खरी कुठली, हे शेवटच्या टप्प्यात पाहू. तोवर ती अनोळखीच समजा, कारण प्रत्यक्षातही असेच काम करावे लागते.

काय हाताशी हवे

- कागद आणि पेन्सिल. भागाकार खोडता आले पाहिजेत.
- १,००० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. अशा संख्या १६८ आहेत. यादी छापून ठेवा, पाठ करायची गरज नाही.
- सगळे अंक दाखवणारा कॅल्क्युलेटर. आठ अंकी पडद्याचा इथे चालणार नाही, कारण आपली संख्याच नऊ अंकी आहे.
- पडताळणीसाठी संगणक. पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा), पारी/जीपी (गणिताचे सॉफ्टवेअर) किंवा लिनक्समधली ‘फॅक्टर’ ही आज्ञा, यातले काहीही पुरे.

संगणक आधीच उघडू नका. पहिल्यांदा हाताने केले नाही, तर संगणकाने दिलेल्या उत्तराकडे पाहून काहीच सुचत नाही.

१. संख्या नीट उतरवा आणि दोन खुणा करून ठेवा

संख्या मोठ्याने वाचा: चोपन्न कोटी, एक्कावन्न लाख, चाळीस हजार, एकशे चौतीस. वाचताना अडखळलात तर एखादा अंक गळला आहे किंवा जास्त झाला आहे.

आता अंकांची बेरीज करा: ५ + ४ + ५ + १ + ४ + ० + १ + ३ + ४ = २७. ही पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे उजवीकडून एक आड एक वजा-अधिक: ४ − ३ + १ − ० + ४ − १ + ५ − ४ + ५ = ११.

दोन खुणा का? संख्या उतरवताना शेजारचे दोन अंक उलटसुलट होणे ही नेहमीची चूक, आणि अंकांची बेरीज ती पकडत नाही. शेवटचे १३४ चुकून १४३ लिहिले तरी बेरीज २७ च राहते. दुसरी खूण मात्र ११ ऐवजी ९ होते आणि चूक उघडी पडते. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले, की एक आड एक बेरजेची ११ ने भागल्यावरची बाकी नक्की बदलते.

२. सोप्या कसोट्या

शेवटचा अंक ४, म्हणजे संख्या सम. शेवटचे दोन अंक ३४, त्याला ४ ने भाग जात नाही, म्हणजे २ हा अवयव एकदाच येतो. हे टिपून ठेवा, सातव्या टप्प्यात त्याचा मोठा उपयोग आहे. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणजे ५ बाद.

अंकांची बेरीज २७, म्हणजे ९ ने नि:शेष भाग जातो. इथे पहिला सापळा आहे. बेरीज २७ आली म्हणून संख्येला २७ ने भाग जाईल असे वाटते. तसे होत नाही. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच खरी आहे, कारण १०, १००, १,००० या सगळ्यांना ९ ने भागले की बाकी १ उरते. २७ ने भागल्यावर तसे होत नाही. आपल्या संख्येला २७ ने भागून पाहा, बाकी ९ उरते.

यातूनच एक छोटा गुणधर्म हाती लागतो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला नि:शेष भाग जातो तिला द. रा. कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटले. आपली संख्या हर्षद नाही, आणि का नाही हे आपण आत्ताच पाहिले.

३. ७, ११ आणि १३ साठी १००१ ची युक्ती

७ × ११ × १३ = १,००१. त्यामुळे संख्येचे तीन-तीन अंकांचे गट पाडून एक आड एक वजा-अधिक केले, की तिन्ही मूळ संख्यांची कसोटी एकदम लागते.

सावध राहा: आपण स्वल्पविराम हजार, लाख, कोटी अशा जागी देतो, म्हणजे पहिल्या तीन अंकांनंतर दोन-दोन अंकांवर. ते गट इथे चालत नाहीत. स्वल्पविराम काढून उजवीकडून तीन-तीन अंक मोजा: ५४५ | १४० | १३४.

१३४ − १४० + ५४५ = ५३९.

५३९ = ७ × ७ × ११. म्हणजे आपल्या संख्येला ७ आणि ११ ने नि:शेष भाग जातो. ५३९ ला १३ ने भागले तर बाकी ६, म्हणून १३ बाद.

पुन्हा तोच सापळा, नव्या रूपात: ५३९ मध्ये ७ दोनदा आहे, तर आपल्या संख्येतही तो दोनदा असेल का? १,००१ मध्ये ७ एकदाच आहे, म्हणून ही युक्ती ७ पर्यंतच बोलते, ४९ बद्दल काहीच सांगत नाही. प्रत्यक्ष ४९ ने भाग जात नाही. कसोटी जेवढे सांगते तेवढेच ऐकायचे. ही सवय लागली की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

४. भागत जा, आणि दर वेळी वर्गमूळ पाहा

सापडलेले अवयव एकेक करून काढून टाका:

- ५४,५१,४०,१३४ ÷ २ = २७,२५,७०,०६७
- ÷ ९ = ३,०२,८५,५६३
- ÷ ७ = ४३,२६,५०९
- ÷ ११ = ३,९३,३१९

प्रत्येक पायरीवर उलटा गुणाकार करून ताळा घ्या. एक भागाकार चुकला की पुढचे सगळे वाया जाते, आणि चूक बऱ्याच उशिरा लक्षात येते.

आता सर्वांत कामाचा नियम. संख्या संयुक्त असेल, तर तिचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे. दोन्ही अवयव वर्गमूळापेक्षा मोठे असते, तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. म्हणून भागून पाहणे वर्गमूळाशी थांबते.

आपल्या नऊ अंकी संख्येचे वर्गमूळ २३,३४८ च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंत अडीच हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. अवयव काढून उरलेल्या ३,९३,३१९ चे वर्गमूळ मात्र ६२७ च्या किंचित पुढे. प्रत्येक सापडलेल्या अवयवाबरोबर ही हद्द आत सरकते. नवखे लोक नेमके हेच विसरतात आणि जुन्याच हद्दीपर्यंत भागत बसतात.

पुढे: १३ ने बाकी ४ (वर बाद झालेच होते, पण ताळा म्हणून बरे), १७ ने बाकी ७, आणि १९ ने नि:शेष.

३,९३,३१९ ÷ १९ = २०,७०१.

नवी हद्द: १४३ चा वर्ग २०,४४९ आणि १४४ चा वर्ग २०,७३६, म्हणून १४३ पर्यंतच पाहायचे. पुन्हा १९ पासून सुरू करा, कारण १९ दुसऱ्यांदाही येऊ शकतो. इथे येत नाही, बाकी १० उरते. २३ ने बाकी १, २९ ने २४, ३१ नेही २४, असे एकेक खोडत जावे लागते. चिकाटी ठेवलीत तर १२७ वर भाग जातो: २०,७०१ = १२७ × १६३. १९ पासून १२७ पर्यंत २४ मूळ संख्या आहेत, म्हणजे २४ भागाकार.

१६३ मूळ आहे का? त्याचे वर्गमूळ १३ पेक्षा कमी. २, ३, ५, ७, ११ यांपैकी एकानेही भाग जात नाही, म्हणजे मूळ. १२७ चेही तसेच.

संपूर्ण विघटन असे:

५४,५१,४०,१३४ = २ × ३ × ३ × ७ × ११ × १९ × १२७ × १६३

५. तेच २४ भागाकार वाचवणारा फर्माचा मार्ग

हा मार्ग मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर. सतराव्या शतकात प्येर द फर्मा यांनी सुचवलेली कल्पना अशी: विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडता आली, की तिचे अवयव लगेच मिळतात. कारण क² − ख² म्हणजे (क − ख) × (क + ख), हे सूत्र आपण शाळेतच शिकलो आहोत.

२०,७०१ घ्या. वर्गमूळाच्या लगेच वरचा पूर्णांक १४४.

१४४ चा वर्ग वजा २०,७०१ = ३५. पूर्ण वर्ग नाही.

१४५ चा वर्ग वजा २०,७०१ = २१,०२५ − २०,७०१ = ३२४, आणि ३२४ म्हणजे १८ चा वर्ग.

झाले. अवयव १४५ − १८ = १२७ आणि १४५ + १८ = १६३. चोवीस भागाकारांऐवजी दोन वजाबाक्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा मार्ग अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच झटपट चालतो. एक अवयव फार लहान आणि दुसरा फार मोठा असेल, तर साध्या भागाकारापेक्षाही तो संथ ठरतो. म्हणून आधी लहान मूळ संख्या काढून टाकायच्या आणि मग फर्माकडे वळायचे. दुसरे, तो फक्त विषम संख्येवर लावा. आपल्या सुरुवातीच्या नऊ अंकी संख्येवर तो लावला असता तर कधीच थांबला नसता. का, ते सातव्या टप्प्यात.

६. अवयव मिळाले, आता गुणधर्म मोजा

*विभाजक किती?* प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवा आणि गुणाकार करा. ३ चा घातांक २, बाकी सहा जणांचा १. म्हणून ३ × २ × २ × २ × २ × २ × २ = १९२. ही सगळी यादी लिहून काढण्याची गरज नाही.

*विभाजकांची बेरीज?* प्रत्येक अवयवासाठी १ पासून त्याच्या सर्वांत मोठ्या घातापर्यंत बेरीज करा, मग गुणाकार. २ साठी ३, ३ साठी १ + ३ + ९ = १३, ७ साठी ८, ११ साठी १२, १९ साठी २०, १२७ साठी १२८, १६३ साठी १६४. गुणाकार येतो १,५७,१८,८०,९६०. यातून संख्या स्वतः वजा केली तर १,०२,६७,४०,८२६ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा कितीतरी जास्त. अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात. बेरीज संख्येइतकीच आली असती तर ती परिपूर्ण ठरली असती. बेरजेत संख्या स्वतः धरायची की नाही यावर इथे हमखास गोंधळ होतो. विपुल की परिपूर्ण हे ठरवताना ती धरत नाहीत.

*सहमूळ किती?* १ पासून संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असणारे (म्हणजे १ खेरीज तिच्याशी सामाईक विभाजक नसलेले) पूर्णांक मोजायला ऑयलरचे फल वापरतात. इथे १ × ६ × ६ × १० × १८ × १२६ × १६२ = १३,२२,६९,७६०. यातला दुसरा ६ हा ७ मधून आला, आणि पहिला ३ च्या वर्गातून (९ − ३). ३ चा घातांक २ आहे हे विसरून तिथे २ लिहिणे ही नेहमीची चूक.

७. वर्गांचे प्रश्न

हे प्रश्न अवघड वाटतात, पण अवयव आणि बाक्या हाताशी असल्या की एका ओळीत सुटतात.

*पूर्ण वर्ग आहे का?* नाही. २ चा घातांक विषम आहे.

*दोन वर्गांची वजाबाकी होईल का?* नाही. पूर्ण वर्गाला ४ ने भागले की बाकी ० किंवा १ च उरते, त्यामुळे दोन वर्गांच्या वजाबाकीची बाकी २ कधीच येत नाही. आपल्या संख्येची बाकी नेमकी २ आहे. फर्माचा मार्ग आपल्या नऊ अंकी संख्येवर कधीच थांबला नसता तो यामुळेच.

*दोन वर्गांची बेरीज होईल का?* नियम असा: ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, तिचा घातांक सम असला पाहिजे. आपल्याकडे ७ आहे, बाकी ३, घातांक १. तिथेच उत्तर ‘नाही’ ठरते. गंमत म्हणजे ३, ७, ११, १९, १२७, १६३ या सगळ्याच विषम मूळ अवयवांची ४ ने भागल्यावरची बाकी ३ आहे.

*तीन वर्गांची बेरीज?* होते. लजांद्र यांच्या प्रमेयानुसार, ४ चा घात बाजूला काढल्यावर ८ ने भागून बाकी ७ उरणाऱ्या संख्याच तीन वर्गांत मावत नाहीत. आपल्या संख्येत ४ नाही, आणि ८ ने बाकी ६. प्रमेय तीन वर्ग आहेत एवढेच सांगते, ते कोणते हे सांगत नाही, त्यासाठी वेगळा शोध घ्यावा लागतो.

*त्रिकोणी संख्या आहे का?* ८ पट करून १ मिळवा. पूर्ण वर्ग आला तर हो. ८ × ५४,५१,४०,१३४ + १ = ४,३६,११,२१,०७३. शेवटचा अंक ३, आणि कोणत्याही वर्गाचा शेवट ३ ने होत नाही. वर्गमूळ काढायचीही गरज पडली नाही.

८. आता संगणक

हाताने केलेले पडताळून पाहा. इथले सापळे वेगळे आहेत.

पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा असला तरी अचूक राहतो. पण भागाकारासाठी एकच तिरकी रेघ वापरली, तर उत्तर दशांश रूपात जाते आणि मोठ्या संख्यांचे शेवटचे अंक बिघडतात. पूर्णांक हवा असेल तर दोन तिरक्या रेघा द्या. दशांश रूपात सलग सगळे पूर्णांक २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच अचूक राहतात.

स्प्रेडशीटवर तर मुळीच विसंबू नका. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकते, आणि तसे केल्याचे सांगतही नाही.

संख्या मूळ आहे का, एवढेच हवे असेल तर अवयव पाडायची गरज नाही. मात्र ‘फर्माची कसोटी’ (निवडलेल्या पायाचा, संख्येहून एक कमी इतका घात घेऊन त्या संख्येने भागले की बाकी १ उरते का, हे पाहणे) एकटी वापरू नका. ३४१ = ११ × ३१ ही संयुक्त संख्या पाया २ ने ती कसोटी पास करते, आणि ५६१ तर तिच्याशी सहमूळ असलेल्या प्रत्येक पायाने. तिचेच कडक रूप असलेली मिलर-राबिन कसोटी घ्या. ३,२१,५०,३१,७५१ च्या खालच्या संख्यांसाठी २, ३, ५ आणि ७ हे चार पाये घेतले की तिचे उत्तर पक्के असते.

९. संख्या आली कुठून, ते पाहा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. विघटन पुन्हा पाहा: नऊ अंकी संख्या, आणि सर्वांत मोठा मूळ अवयव फक्त १६३. सहज उचललेल्या नऊ अंकी संख्येत असे क्वचित घडते. असे दिसले की मागे काही रचना असणार हे समजावे.

ही संख्या π च्या एका सूत्रातली आहे. डेव्हिड आणि ग्रेगरी चुडनॉव्स्की या भावांनी १९८८ मध्ये ते प्रसिद्ध केले. रामानुजनांनी १९१४ मध्ये दिलेल्या सूत्रांच्या घराण्यातलेच ते आहे. त्याच्या प्रत्येक पदात १,३५,९१,४०९ + ५४,५१,४०,१३४ × क अशी बेरीज येते (क = ०, १, २, …), आणि छेदात ६,४०,३२० चे घात. एकेक पद मिळवले की π चे सुमारे १४ अंक वाढतात.

आता हे पडताळा:

६,४०,३२० चा घन + १,७२८ = १६३ × (४,०१,३३,०१६ चा वर्ग)

आणि ४,०१,३३,०१६ ला १२ ने भागून १६३ ने गुणले, की आपली ५४,५१,४०,१३४ मिळते. तिचे ७, ११, १९, १२७ आणि १६३ हे अवयव इथून आले आहेत.

याच १६३ मुळे आणखी एक प्रसिद्ध गोष्ट घडते. π ला १६३ च्या वर्गमूळाने गुणून e या गणितातल्या स्थिरांकाचा तितका घात घेतला, तर उत्तर २,६२,५३,७४,१२,६४,०७,६८,७४४ या पूर्णांकाच्या इतके जवळ येते की दशांश चिन्हानंतर पहिले बारा अंक ९ असतात. हा पूर्णांक म्हणजे ६,४०,३२० चा घन अधिक ७४४. तो अठरा अंकी आहे, म्हणून एक्सेलमध्ये टाकलात तर शेवटचे ७४४ शून्य होतात आणि उरतो नेमका ६,४०,३२० चा घन. ते ७४४ तपासायचे असतील तर पायथन किंवा पारी/जीपी घ्या.

सरावासाठी

सूत्रातली दुसरी संख्या १,३५,९१,४०९ घ्या. तीन-तीन अंकांचे गट: ४०९ − ५९१ + १३ = −१६९. उणे चिन्हाने बिचकू नका, १६९ ला १३ ने भाग जातो एवढे पुरे. १६९ मध्ये १३ दोनदा आहे म्हणून १,३५,९१,४०९ मध्येही दोनदा धरू नका, भागून पाहा. एकदा भागल्यावर १०,४५,४९३ उरतात. त्याचे वर्गमूळ १,०२२ च्या किंचित पुढे आहे, म्हणजे १,००० पर्यंतची यादी थोडी कमी पडेल. तिच्या शेवटी १,००९, १,०१३, १,०१९ आणि १,०२१ या चार मूळ संख्या जोडून घ्या आणि मग भागायला बसा.